तीन मोती ऐकणाऱ्याचे

पत्राचा सारांश

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 36, डी.एड. झालेलं. तासिकेवरची नोकरी सुटली तेव्हापासून अंगणवाड्या, शाळा, वाचनालयं, बचत गट असं फिरून त्या गोष्टी सांगतात. पंचक्रोशीत त्यांना ‘गोष्टीवाल्या ताई’ म्हणून ओळखतात. दोन वर्षांपासून संस्था त्यांना कार्यशाळा घ्यायलाही बोलावू लागल्या. गेल्या उन्हाळ्यात एका गावातल्या बायकांना त्यांनी सांगितलं, ‘आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस सांगा.’ एक तरुण बाई बोलली. नवरा गेल्यावर दिरांनी शेताच्या सात-बारावर तिचं नाव लागू दिलं नव्हतं. ऐकून सगळ्या रडल्या. संस्थेच्या कार्यकर्त्याने ‘आजची कार्यशाळा सगळ्यात भारी झाली’ असं सांगितलं. पण कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते भावकीत फिरलं आणि त्या बाईशी घरात कुणी बोलेना. त्या दिवसापासून ताईंनी कार्यशाळा घेतलेली नाही. मानधनाचं विचारलं की ‘तुम्ही आवडीनं करता ना’ हे उत्तर मिळतं. संस्था शाल-नारळावर बोळवण करतात आणि घरचे म्हणतात टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास करा. त्या विचारतात : ‘माझ्यामुळे ती बोलली. मी लोकांची दुःखं उकरते का? माझ्याकडे ना कुठलं प्रमाणपत्र, ना शुद्ध भाषा. मला हे काम करायचा हक्क आहे का?’

उत्तर

ताई, ‘माझ्यामुळे ती बोलली’ या तुमच्या वाक्यापाशी आधी थांबू या.

ती बाई त्या गावात कितीतरी वर्षं नांदते आहे. सतरंजीवर कोण कोण बसलंय, कुणाची सासू कुणाची मावशी लागते, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही ती बोलली. कदाचित त्या बायकांनीच ते ऐकावं असं तिला फार दिवसांपासून वाटत असेल, आणि त्या दुपारी तिला जागा सापडली असेल. सगळा दोष स्वतःकडे घेताना तिचं धाडसही तुम्ही नकळत स्वतःच्या नावावर करून घेताय. बोलणं तिचं होतं, ते तिच्याकडेच राहू द्या. तुमच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात : तुम्ही विचारलेला प्रश्न आणि त्या खोलीत चालू राहिलेला मोबाइल. या दोन्ही चुका खऱ्या आहेत आणि दोन्ही सुधारता येतात.

प्रश्नाबद्दल मी अनुभवाने बोलते, कारण तसाच प्रश्न मीही विचारला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढच्या जानेवारीत मी काही मैत्रिणींसोबत तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. बावीस वर्षांची होते, वही-पेन घेऊन बायकांच्या ‘कहाण्या’ लिहून आणायच्या होत्या. एक बाई शेडच्या दारात बसून राखेनं पितळेचा तांब्या घासत होती. तांब्याचा एक गाल पार आत गेलेला. मी तिला विचारलं, ‘त्या रात्री काय झालं, सांगता का?’ तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘सकाळपासनं तू पाचवी हाईस बाई. पहिलीनं समदं लिहून नेलंय. तिच्याकडनं घे की.’ मग घासता घासता तिनंच मला विचारलं : तू कुठली, भावंडं किती, माय काय करती. मी उत्तरं देत गेले तेव्हा ध्यानात आलं की मी तिचं सगळ्यात मोठं दुःख मागायला आले होते आणि माझं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. तो तांब्या माझ्या डोळ्यांसमोर होता. ढिगाऱ्यातून तो कुणी काढला, तो लग्नातला होता का, इतका चेपलेला असून टाकून का दिला नाही, यातलं काहीही मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ‘सगळ्यात अवघड दिवस सांगा’ असं मी कधीच कुणाला म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका. त्या प्रश्नामागे आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बोललं म्हणजे मन हलकं होतंच. शहरात, अनोळखी लोकांत, परत कधी तोंड दिसणार नाही अशा ठिकाणी कदाचित होत असेल. पण ज्या गावात दुसऱ्या दिवशी त्याच हापशावर पाणी भरायचं आहे, तिथे बोलण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती बोलणारीच मोजते. आपण एसटीनं घरी येतो.

आपल्या जुन्या सांगणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. ‘आटपाट नगर होतं’ याचा नीट विचार करा. नगराचं नाव नाही, राजाचं नाव नाही. सासुरवास, आवडती-नावडती, माहेरचं तुटलेपण या सगळ्या जळत्या गोष्टी त्या बिननावाच्या नगरात नेऊन ठेवल्या, म्हणजे सासूसमोर बसूनही सुनेला त्या ऐकता याव्यात. जात्यावरची ओवीही पुष्कळदा तेच करायची. बाई ‘माझं दुखतंय’ म्हणायची नाही; रामाची सीता, नाहीतर कुठली तरी ‘गवळण’ मधे आणायची. ऐकणारीला बरोबर कळायचं आणि कुणाला बोट दाखवता यायचं नाही. तो पडदा आपण कार्यशाळेत काढून घेतला, त्याजागी ‘स्वतःची खरी गोष्ट, स्वतःच्या तोंडून’ आणली आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजलो.

आता तुमच्या कामाबद्दल. तुम्ही स्वतःला सांगणारी समजता. अंगणवाडीत ते बरोबरच आहे. पण कार्यशाळेत तुमचं मुख्य काम ऐकण्याचं आहे, आणि तिथे बाकीच्यांनाही ऐकायलाच शिकवायचं असतं. श्रावणातल्या रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी तुम्हाला पाठ असेल. तिच्यात सगळा खेळ ऐकण्याचाच आहे. राजाला दिलेली लेक बापाची कहाणी ऐकत नाही. राजा पारधीला निघालाय, मला वेळ नाही म्हणते. तिची दशा फिरते. पुढे तीच कहाणी सांगायला उपाशी माणूस शोधत असते, तेव्हा मोळीविक्या भेटतो. तिच्याकडे सहा मोती असतात. तीन ती त्याला देते, तीन स्वतः घेते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो आणि त्याची मोळी सोन्याची होते. कहाणी रचणाऱ्या बायकांनी मोत्यांची वाटणी निम्मी-निम्मी केली आहे. ऐकणाऱ्याचा वाटा सांगणाऱ्याइतकाच.

परभणीकडच्या आमच्या आजीचं यावर फार कडक लक्ष असायचं. रात्री ओसरीवर शेंगा फोडत ती गोष्ट सांगायची. आम्ही पोरांनी ‘हूं’ द्यायचा. ‘हूं’ थांबला की तिचा हात थांबायचा. ‘निजली का गं?’ ‘न्हाई, ऐकू लागले.’ ‘मंग हूं दे.’ तो ‘हूं’ आळसात आला की ती गोष्ट आखडती घ्यायची, आणि आमचा श्वास अडकला की तिथंच मुद्दाम लांबवायची. गोष्ट तिच्या तोंडातून यायची खरी, पण तिची लांबी-रुंदी आमच्या ‘हूं’वर ठरायची. गोंधळातला झिलकरीही हेच करतो. मुख्य गोंधळ्याचा शब्द उचलतो, मधेच ‘आरं मग पुढं काय झालं’ म्हणून विचारतो, त्याला दम खायला जागा देतो. तुमच्या कार्यशाळेचा पहिला तास या ‘हूं’वर घाला. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं आज सकाळी घरातून निघेपर्यंत काय काय केलं एवढंच सांगायचं, दुसरीनं नुसता हुंकार द्यायचा. मधे सल्ला नाही, ‘माझंही असंच झालं’ नाही. सोपं वाटतं, पण तीन मिनिटंसुद्धा जड जातात. करून बघा.

मग वस्तू. आदल्या दिवशी निरोप द्या की प्रत्येकीनं घरातली एक वस्तू आणायची. तांब्या, विळा, कोयता, लग्नातली ट्रंक न्यायला जड म्हणून तिची किल्ली, पोराचं पहिलं दप्तर. वस्तूची गोष्ट सांगायची असली की कुठवर जायचं ते सांगणारीच ठरवते. एखादी कोयत्याची धार कशी लावतात एवढंच सांगून थांबेल, दुसरी त्याच कोयत्यावरून ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने ज्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, काढले तिथपर्यंत जाईल. दोन्ही पुरेसं आहे. आणि हातांना काम द्या, हे विसरू नका. शेंगा, वाती, वाकळीचा एखादा कोपरा, काहीही. गोलात बसून एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलायची पद्धत शिबिरांतून आली. आपल्याकडे बायका कायम खाली बघत, हात चालवत बोलल्या आहेत. डोळे कामावर असले की रडणारीकडे कुणी टक लावून बघत नाही आणि गप्प बसलेलीला गप्प बसण्याचं कारण मिळतं.

यानंतर जोडीदारणीनं ऐकलेली गोष्ट सगळ्यांना सांगायची, पण नाव-गाव बदलून, ‘आटपाट नगरात एक बाई होती’ असं. त्याआधी जिची गोष्ट आहे तिला विचारायचं : यातलं काय ठेवू, काय गाळू? ही पाचेक मिनिटांची कुजबुज मला सगळ्या कार्यशाळेत मोलाची वाटते. पुष्कळ बायकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं की तुझ्याबद्दल काय सांगावं असं तुला वाटतं. आणि ही काही आजची पद्धत नव्हे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, ‘लीळाचरित्रा’साठी अशाच गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे ते गेले, त्यांच्या आठवणी घेतल्या आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या. दुसऱ्याची गोष्ट उचलायची तर परत जाऊन विचारायचं, ही शिस्त मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथापासून आपल्याजवळ आहे.

मोबाइलचं सांगते ते थोडं कठोर वाटेल. दारात एक टोपली ठेवा, सगळ्यांचे फोन त्यात, पहिला तुमचा, दुसरा संस्थेच्या माणसाचा. संस्थेला अहवालासाठी फोटो लागतात, हे खरं आहे. चहाच्या वेळी वस्तूंचे काढा, हातांचे काढा. बोलतानाचा व्हिडिओ नाही, हे येण्याआधी लिहून कळवा. ‘फंडिंगवाल्यांना दाखवायला लागतं’ असं म्हणाले तर तुम्ही स्वतः तुमची गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगा. तुमची तरी गोष्ट तुमची आहे. ज्यांना हेही चालत नाही त्यांच्याकडे जाऊ नका. आणि कुणी रडलं म्हणजे कार्यशाळा झाली, असं जो म्हणतो त्याला तिथल्या तिथे सांगा की आपण रडवायला आलो नव्हतो.

तरीही कुणाचं तरी भरून येणारच. म्हणून एकटीनं कार्यशाळा घेऊ नका. एक सोबतीण घ्या, जिचं काम फक्त उठून बाहेर गेलेल्या बाईजवळ जाऊन बसणं. गावातल्या आशाताईंना आधी भेटून ठेवा. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं; फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा, त्यावर भाषण नको. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, निदान फोन तरी करा. एक दिवसाची कार्यशाळा घेऊन निघून येण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन घ्या. आणि वेळ बघा. दसरा-दिवाळीनंतर तुमच्या भागातलं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं ते पाडव्याच्या आसपास येतं. त्या महिन्यांत मागे राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. तेव्हा ‘महिला कार्यशाळा’ भरवून रिकाम्या सतरंज्या मोजण्यापेक्षा हंगामी वसतिगृहातल्या पोरांजवळ म्हाताऱ्यांना नेऊन बसवा. पोरं ‘हूं’ देतील. हे शिक्षकांनी, अंगणवाडी ताईंनी, वाचनालय चालवणाऱ्यांनीही मनावर घ्यावं. त्यासाठी गोष्टीवाली ताई यायलाच हवी असं नाही.

आता पैसा. ‘आवडीनं करता ना’ असं म्हणणाऱ्यांना आपल्याकडचा रिवाजच माहीत नाही. वासुदेवाच्या झोळीत दाणे पडायचे, गोंधळ्याला शिधा आणि बिदागी, कीर्तनकाराला पाकीट. कुणी त्यांना आवडीचा हिशोब विचारला नाही. तुम्ही बाई आहात आणि शेजारच्या गावच्या आहात, म्हणून तुमचं काम मायेत मोजलं जातं. कार्यशाळेचा एक दिवस धरला तरी तयारीचा एक, दुसऱ्या दिवशी परत जाण्याचा अर्धा, आणि एसटीचं तिकीट, अर्धं असलं तरी तिकीटच. तुमच्या तालुक्यात शिकलेल्या माणसाला दिवसाला जे मिळतं त्याने या अडीच दिवसांना गुणा आणि तो आकडा बोलावणं आलं की लगेच, लेखी कळवा. सोबतिणीचं वेगळं. बचत गट किंवा गावची शाळा बोलवेल तिथे आकडा कमी करा, पण शून्य करू नका. पायलीभर ज्वारी घ्या, पण घ्या. आणि शक्य असेल तिथे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही काहीतरी मिळेल असं बघा. सहा मोत्यांचा हिशोब तिथेही लागतो. शाल मिळाली तर नक्की पांघरा, पण ती मानधनाच्या वर.

प्रमाणपत्र आणि शुद्ध भाषेबद्दल तुम्ही जे लिहिलं ते वाचून मला पैठण आठवलं. गुणाढ्य या जुन्या कथाकाराची बृहत्कथा पैशाची नावाच्या प्राकृत बोलीत होती. कथासरित्सागर या संस्कृत कथासंग्रहात आलेल्या गोष्टीप्रमाणे सातवाहन राजानं ती ऐकूनही घेतली नाही, भाषा हलकी म्हणून परत पाठवली. गुणाढ्य रानात गेला. एकेक पान वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती बसून ऐकत राहिली, रडत राहिली. राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा पळत गेला तोवर सात लाख श्लोकांतले सहा लाख जळून गेले होते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलंच पैठण. तुम्ही ‘काहून’ आणि ‘बोलू लागली’ म्हणता म्हणून कुठल्या संस्थेनं तोंड वाकडं केलं असेल, तर त्या संस्थेला सांगा की या बायका त्याच भाषेत स्वप्नं बघतात. शुद्ध बोलायला लावलं की त्या निबंध सांगतात.

टीईटीचं माझं मत थोडक्यात : द्या. घरात पगार येणं ही छोटी गोष्ट नाही आणि वर्गात उभी असलेली गोष्टीवाली बाई पोरांच्या नशिबी आली तर वाईट काय? पण घरच्यांना ‘हे सोडून ते करते’ असं म्हणू नका. रविवार तुमचा ठेवा. नोकरी लागेपर्यंत महिन्याला दोन कार्यशाळा, ठरलेल्या मानधनात, एवढं घरी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका. यजमानांनी एकदा तुमच्यासोबत येऊन मागे बसावं, असंही सुचवून बघा. ते काम त्यांनी पाहिलेलंच नाही, असं पत्रावरून वाटतं.

राहिली ती बाई. तिच्याकडे अजून गेला नाहीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय. जा, एकट्या जा, संस्थेची गाडी नको. तिच्या घरी थेट जाणं अडचणीचं असेल तर शेतात किंवा बाजाराच्या दिवशी गाठा. कुठे भेटायचं ते आधी निरोप पाठवून तिलाच विचारा. माफी एका वाक्यात मागा : फोन बंद करायला हवे होते, मी केले नाहीत. स्वतःला किती त्रास झाला ते तिला सांगत बसू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत घालावी लागेल. व्हिडिओ कुणाकडे आहे ते शोधून, समोर बसून काढून टाकायला लावलाय, हे सांगता आलं तर बरं. म्हणून ते आधी करा.

ती गोष्ट सांगत होती तेव्हा सगळ्या रडल्या, पण त्या गोष्टीत एक कागद होता आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मागे बायको पहिल्या वर्गातली वारस आहे. मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करता येतो. अडवलं तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे सगळं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या. पण चिठ्ठी आधी काढू नका. तिला अर्ज करायचा आहे की नाही, कधी, कुणाला बरोबर घेऊन, हे तिचं ती ठरवेल. तुम्ही आधी नुसतं बसा. तिच्या हातात काही काम असेल, तुरी पाखडत असेल, पालेभाजी निवडत असेल, तर निम्मी जुडी तुमच्या पुढ्यात ओढून घ्या. ती बोलली तर ‘हूं’ द्या, आणि नाहीच बोलली तर भाजी निवडून होईपर्यंत थांबा.